क्षय-किरण

दूध वासावरून ओळखता येतं असं सफाईवाली मावशी म्हणाली, तेव्हा मी हसायच्या तयारीत होतो, कारण आमच्या दोघांच्या बोलण्यात पहिलं वाक्य कुणीही टाकलं तरी दुसरं हसण्याचंच असतं. ती माझ्या तपासणी-यंत्राच्या पट्ट्याच्या टोकाशी बादली ठेवून फडका पिळत होती. माझ्याकडे न बघता सांगत होती, की खालच्या मजल्यावरच्या बायकांच्या स्वच्छतागृहातलं कोपऱ्यातलं बेसिन गेले दोन आठवडे रोज सकाळी चिकट लागतं, आंबूस वास येतो, आणि तिला आधी वाटलं कुणीतरी चहाचं दूध सांडत असेल. आज तिनं दार ढकललं तर आत माझी लेक उभी. हातात झाकणाची छोटी बाटली, उलटी. "रिकामी होईस्तोवर धरून होती," मावशी म्हणाली. "मग दुसरी काढली. रडत वगैरे नव्हती हो, दुप्पटभाऊ. भांडी विसळताना उभं राहतो ना आपण, तशी उभी होती." एवढं सांगून तिनं बादली उचलली आणि ती निघून गेली. मी हसायला उघडलेलं तोंड तसंच उघडं ठेवून स्क्रीनकडे बघत बसलो. स्क्रीनवर कुणाचीतरी पिशवी आली होती, तीत एक छत्री, दोन सफरचंदं, चपलांचा जोड. मी ती पिशवी दोनदा मागे-पुढे केली. छत्रीच्या काड्या बघत राहिलो. पिशवीवाले आजोबा पलीकडे उभे राहून विचारत होते की काही सापडलं का, आणि मला खरोखरच कळेना, की काही सापडलं की नाही.

मी या रुग्णालयाच्या फाटकावर पिशव्या तपासायच्या यंत्रापाशी बसतो. त्याआधी वीस वर्षं टपालाच्या कचेरीत पार्सलांच्या यंत्रापाशी बसत होतो. यंत्र बदललं, खुर्ची बदलली, बसणारा तोच. पट्ट्यावर पिशवी ठेवा, शिशाच्या झालरी हलतात, पिशवी आत जाते, स्क्रीनवर तिचं पोट उघडं पडतं. धातू निळे दिसतात आणि अन्न, पाणी, कापड, कागद, साबण असलं सगळं नारिंगी. माणूस काय खातो, काय लपवतो, कुणासाठी काय घेऊन चाललाय ते मला त्याच्या आधी दिसतं. माझ्या जिभेला हाड नाही हे तेवढं दिसायला यंत्र लागत नाही. मला इथे सगळे 'दुप्पट' म्हणतात, कारण मी सांगितलेल्या कुठल्याही आकड्याचे निम्मे करून घ्यायचे असा नियम माझ्या मागे केव्हातरी ठरला आणि मी तो ऐकूनही मोडला नाही. मी दहा म्हणालो की ऐकणारे पाच धरतात. मी एका कांद्याची गोष्ट सांगतो, जो यंत्रातून सात वेळा गेला आणि नंतर चिरणाऱ्याच्या ऐवजी शेजारच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अंड्याची सांगतो, त्यातून निघालेल्या पिलाच्या छातीतलं हृदय बाहेरून दिसायचं, आणि मांजर त्याला खायला आलं आणि ते हृदय बघून लाजून परत गेलं. मिठाची सांगतो. डबा एकदा यंत्रातून गेला की आतल्या भाजीला एक चिमूट मीठ वाढतं, दोनदा गेला की दोन चिमटी, म्हणून आळणी स्वयंपाक करणाऱ्या बायकांनी नवऱ्याला टपालात नोकरी बघावी. "त्याचं असं झालं," एवढे तीन शब्द मी म्हणालो की रांगेतली माणसं पिशव्या खाली ठेवतात.

लेकीला मुलगी झाली ती दिवस भरायच्या सात आठवडे आधी. जावई बोटीवर, अजून तीन महिने तरी पाय जमिनीला लागत नाहीत त्याचे. नात तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत आहे, नाकात नळी, टाचेला चिकटपट्टी, आणि तिची सगळी प्रगती ग्रॅमांत मोजतात म्हणून मी तिला ग्रॅमबाई म्हणतो. जन्मली तेव्हा पंधराशे चाळीस. मग उतरली, मग चढली, आणि तेविसाव्या दिवशी सोळाशे दहावर येऊन रुसून बसली. चोखायची ताकद नाही. दूध नळीतून द्यायचं. लेक वर दाखल होती तोवर पंप लावून थेंब थेंब जमायचं आणि तेवढंच तिच्या पोटात जायचं. वॉर्डात जास्त कधी आलंच नाही. घरी गेल्यावर मात्र पहाटेच्या शांततेत बाटल्या भरू लागल्या. पंप, दोन बाटल्या, बर्फाची थैली, वर पंचा, असं रोज साडेआठला माझ्या पट्ट्यावर यायचं, माझ्या स्क्रीनवर नारिंगी व्हायचं. मी रोज म्हणायचो, "ग्रॅमबाईंचा डबा आला." लेक रोज हसायची. पिशवी उचलायची. खांबाला वळसा घालून जायची. त्या खांबामागे डावीकडे लिफ्ट आणि उजवीकडे स्वच्छतागृह. माझ्या खुर्चीतून खांबापलीकडचं काही दिसत नाही. जगातल्या सगळ्या पिशव्यांच्या आतलं मला दिसतं आणि सहा हातांवरचा खांब दिसू देत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं. सहाच हात. निम्मे करू नका.

मी जेवणाच्या सुट्टीत वर गेलो. नर्सच्या वहीत गेल्या दोन आठवड्यांच्या रोजच्या तारखेपुढे 'आईचं दूध : नाही' असं लिहिलेलं होतं, एकाखाली एक, सारख्या अक्षरात. नर्स म्हणाली, ताण असतो हो, आटतं कधीकधी, पावडरचं देतोय, पण इतक्या लहान जिवाला आईचंच मानवतं. तिचं पोट फुगतंय पावडरनं, थोडं जरी आणलं तरी बघा म्हणावं. मी म्हटलं, बघतो. काय बघतो ते मला माहीत नव्हतं. पेटीत ग्रॅमबाई झोपली होती, मूठ गालाशी, भुवईवर एक आठी, जशी माझ्या बायकोच्या भुवईवर हिशोब चुकल्यासारखी यायची तशी. खाली येताना जिन्यात मला एकाएकी बिस्किटं आठवली. का आठवली ते आधी कळलं नाही. क्रीमची होती, गोल, मधे गुलाबी थर, डब्यावर एक टोपीवाली मुलगी. तोंडात लाळ आली आणि तिच्या मागोमाग हातानं कठडा धरला, म्हणजे शरीराला आधी कळलं होतं आणि मी मागून पायऱ्या उतरत होतो.

लेक नऊ वर्षांची होती. मी टपालातून घरी येताना ते बिस्किटांचे डबे आणायचो. एक तिच्यासाठी, आणि एक माझ्यासाठी, तो माझ्या कामाच्या पिशवीत लपवलेला. तिनं तो शोधला. मुली वासावर असतात. ती डबा हातात घेऊन उभी राहिली, आणि मला ती बिस्किटं कुणालाही द्यायची नव्हती, माणसाला कधीकधी आपल्या लेकीलाही काही द्यायचं नसतं, एवढी साधी गोष्ट आहे. मी म्हटलं, नको गं, ती यंत्रातून गेलीत. मोठ्यांना चालतं, लहान मुलांना नाही चालत. तिनं विचारलं, काय होतं? मी म्हटलं, क्ष-किरण लागतात. इथवर नक्की. पुढचं मला तीन प्रकारे आठवतं. एका आठवणीत मी स्वच्छ 'क्ष-किरण' म्हणालो आणि तिनं चुकीचं ऐकलं. दुसऱ्या आठवणीत माझ्या तोंडात बिस्किट होतं, शब्द चिकटले आणि मधे एक 'य' आपसूक आला. तिसऱ्या आठवणीत माझं तोंड रिकामं होतं, मी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तो 'य' मुद्दाम घातला, कारण नुसता क्ष कुणाला घाबरवत नाही. क्ष म्हणजे गणितातलं न सापडलेलं उत्तर, मुळाक्षरांच्या शेपटाशी बसलेला पाहुणा. क्षय म्हटलं की मात्र मूल डबा खाली ठेवतं. तिनं ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वहीत तिनं निबंध लिहिला, 'माझे बाबा', त्यात पाचव्या ओळीत होतं, माझे बाबा क्षय-किरणांच्या यंत्रावर काम करतात. बाईंनी 'य' भोवती लाल गोल केला. मी ती वही टपालात नेऊन सगळ्यांना दाखवली. लोक पोट धरून हसले. तिला मात्र मी कधी सांगितलं नाही की बाईंचा गोल बरोबर आहे. इतकी छान चूक, ती दुरुस्त करायला जीव होईना. पुढे घरात तो शब्दच झाला. ती पिशवी क्षयातून गेली का, असं बायकोसुद्धा विचारायची, आणि तिघं हसायचो, म्हणजे मी दोघी हसताहेत असं धरून चालायचो.

बायको दुपारी डबा घेऊन यायची. कचेरीच्या नियमाप्रमाणे तिची पिशवीही यंत्रातून जायची, मग बाहेरच्या लाकडी बाकावर आम्ही एकाच डब्यातून जेवायचो. पहिला घास तिचा. ती चावायची, वर बघायची, आणि गंभीरपणे म्हणायची, "अहो, आज दोन चिमटी वाढलंय, दोनदा घातलंत का?" माझी थाप ती मला परत अशी वाढायची. वर्षानुवर्षं. लेक पुढे कॉलेजात गेली, कधीमधी दुपारी येऊन त्या बाकाच्या टोकाला बसायची, पण आमच्या डब्यातलं खायची नाही. भूक नाही म्हणायची. मला तेव्हा वाटायचं, वयात आलेल्या पोरींना भूक नसते. मग बायकोचं अंग उतरू लागलं. आधी बांगड्या मोठ्या झाल्या, मग चपला, मग ती खुर्चीत बसली की खुर्ची मोठी वाटायची. पोटात काहीतरी होतं म्हणाले, नंतर म्हणाले पोटात नाही, मग म्हणाले बघू. एका डॉक्टरनं बाहेर येऊन मला आणि लेकीला सांगितलं की शरीराची झीज होतेय, क्षय होतोय एक प्रकारे, तो क्षयरोग नव्हे. त्यानं सहज वापरला तो शब्द. मला आता त्या बोळाचा रंगसुद्धा आठवतो, खाली हिरवा, वर पांढरा, आणि लेक माझ्या डाव्या बाजूला होती, आणि तो शब्द पडल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, धीर मागतेय. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. तो हात तिला कसा लागला असेल, हे मी अकरा वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं, आणि आता एकेका पायरीवर तो खांदा माझ्या हाताखालून थोडा थोडा सरकत होता. की तेव्हाही सरकला होता? की मी आत्ताच हे रचतोय, जसा कांदा रचला? माझ्या डोक्यात खऱ्याचा आणि रचलेल्याचा रंग सारखाच दिसतो, दोन्ही नारिंगी.

आणि मग सगळ्यात वाईट विचार आला, की मला तरी काय ठाऊक आहे? मी सव्वीस वर्षं लोकांना सांगतोय की काही होत नाही, डबा ठेवा, औषध ठेवा, बाळाचं दूध ठेवा. हे मला कुणी सांगितलं होतं? वर्षातून एकदा मीटर घेऊन एक माणूस येतो, झालरींपाशी मीटर धरतो, कार्डावर सही करतो. त्यानं सांगितलं होतं की मी त्याच्या तोंडी घातलं होतं? मी तळघरात गेलो. तिथे माणसांचे फोटो काढायची क्ष-किरणांची खोली आहे आणि तिच्यातला माणूस शहाणा आहे, कमी बोलतो. मी विचारलं, यंत्रातून गेलेलं दूध बाळाला चालतं का? तो हातातलं काम न सोडता हसला. "काका, पुढचं सांगा. मग काय झालं, बाळाचं हृदय दिसायला लागलं?" मी म्हटलं, गोष्ट नाही, विचारतोय. तो म्हणाला, बरं, आणि गोष्टीची वाट बघत राहिला. आपण खरंच विचारतोय हे माणसाला कसं पटवतात ते मला येत नव्हतं, त्यासाठी चेहरा कसा करतात, हात कुठे ठेवतात. शेवटी मी खुर्चीवर बसलो आणि काहीच बोललो नाही. मी गप्प बसलेला त्यानं कधी पाहिला नव्हता, म्हणून घाबरला असावा. त्यानं काम ठेवलं आणि नीट सांगितलं. किरण आत शिरतात आणि पार निघून जातात. यंत्र थांबलं की किरण संपले, दिवा घालवल्यावर उजेड काही भांड्यात साठून राहत नाही. दूध नासत नाही, त्याचा कस जात नाही, ते पिऊन कुणाला काही होत नाही, लहानाला नाही आणि मोठ्यालाही नाही. पिशवीला मिळतात ते किरण नाममात्र. काही ठिकाणी अन्न टिकावं म्हणून मुद्दाम किरण देतात, ते याच्या लाखो पट, आणि तेही माणसं खातात. "किती लाख?" मी विचारलं. "तुम्ही सांगाल त्याच्या दुप्पट," तो म्हणाला.

मी ते पाठ करत वर निघालो. दिवा, उजेड, भांडं. पहिल्या वळणापर्यंत ते त्याच्या आवाजात होतं. दुसऱ्या वळणावर ते माझ्या आवाजात आलं, आणि ऐकलं तर ती थाप होती. शब्द तेच होते, एकही वाढवला नव्हता, पण माझ्या तोंडून 'दिवा घालवला की उजेड भांड्यात राहत नाही' हे वाक्य निघालं की पुढे मांजर येणारच असं वाटत होतं. माझ्या तोंडातून खरं गेलं की त्याला दोन चिमटी मीठ वाढतं. मी उरलेला दिवस पट्ट्यावरच्या पिशव्यांना ते वाक्य हळूच म्हणून बघत होतो. एका बाईनं विचारलं, मला काही म्हणालात का? मी म्हटलं, नाही. ती पिशवी घेऊन जरा लगबगीनं गेली.

लेक संध्याकाळी पाचला मुलीला बघून खाली यायची. मी पाळी संपवून दोन कागदी पेल्यांत चहा घेतला आणि रुग्णवाहिका उभ्या राहतात तिथल्या बाकावर तिला बसवलं. आधी जावयाची बोट कुठवर आली ते विचारलं, मग तिच्या घरातला नळ गळायचा थांबला का ते, मग मला आणखी विचारण्यासारखं काही सापडेना. मी म्हटलं, मावशीनं बघितलं. ती पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी पाठ केलेलं सांगून टाकलं, एका दमात. किरण, यंत्र, दिवा, उजेड, भांडं. ती ऐकत होती, शाळेतल्या मुलाचं पाठांतर ऐकावं तशी. ती शाळेत शिकवते, आणि शिकवते ते विज्ञान, हे माझ्या त्या एका दमात मला आठवलं नव्हतं.

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "आठवीला हा धडा मीच घेते. फक्त फळ्यावर लिहिताना मधला य येऊ नये म्हणून हात आवरावा लागतो." मग पेल्यातलं बघत म्हणाली, की डोक्याला सगळं कळतं, रोज पहाटे बाटली भरताना कळतं, बसमध्ये कळतं, पट्ट्यावर ठेवतानाही कळतं. पण त्या झालरींतून बाटली बाहेर आली की हाताला कळत नाही. हात खांबापाशी उजवीकडे वळतो. लिफ्टपाशी जाऊन ती दोनदा परत आली होती. वर नर्सला बाटली द्यायची आणि नंतर पेटीपाशी बसून त्या नळीकडे बघायचं, ते तिला जमत नव्हतं.

मी म्हटलं, अगं मग हातानं तपासा म्हणायचं ना. कितीतरी आया म्हणतात, आम्ही झाकण बघतो, सोडतो. मी तर तुझा बापच होतो तिथे.

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर म्हणायचं, की यातून नको?"

एक रुग्णवाहिका मागे येत होती, तिचा तो टीं टीं आवाज संपेस्तोवर आम्ही थांबलो. तेवढ्या वेळात मला समजलं, म्हणजे समजल्यासारखं झालं, की रोज सकाळी माझ्या पट्ट्यावर ती दूध ठेवत होती ते माझं मन राखायला. यंत्राकडे बोट दाखवलं असतं तर ते बोट अकरा वर्षं मागे जाऊन त्या बाकावर, त्या डब्यावर थांबलं असतं. मग मी काय केलं असतं? म्हणून ती हसायची, पिशवी उचलायची, आणि बापाचा मान ठेवून आपल्या मुलीचं दूध ओतून द्यायची. चोवीस वर्षांपूर्वी मी चौदा बिस्किटं वाचवली होती.

"आई रोज खायची त्यातलं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, वेळ विचारावी तसं, "आईला कशानं झालं, बाबा?"

माझ्या तोंडाशी आलं, त्याचं असं झालं. आलंच होतं. माझ्याकडे उत्तरं होती. बायकोच्या आजीलाही असंच झालं होतं, असं एक. तिला लहानपणी एकदा ताप आला होता तेव्हापासून आत काहीतरी हललं होतं, असं एक. एक डॉक्टर होता, मोठा, त्यानं मला कानात सांगितलं होतं, असंही एक, त्या डॉक्टरचा चष्मासुद्धा मला दिसायला लागला होता. कुठलंही एक दिलं असतं तर ती मान हलवून घरी गेली असती. मी तोंड उघडलं, आणि जीभ पहिल्या अक्षराला टेकली ते अक्षर कुठलं तेच कळेना, सगळी उत्तरं एकावर एक येऊन स्क्रीनवर एखादी गच्च भरलेली पिशवी दिसते तशी झाली, काही ओळखू येईना.

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. बोळात बघितलं होतं तसंच असावं, या वेळी मी खांद्यावर हात ठेवला नाही.

"परत म्हणा."

"माहीत नाही. डॉक्टरांनाही नव्हतं सापडलं. यंत्रानं झालं नाही, तेवढं माहीत आहे. बाकी मला काही माहीत नाही." आणि मग, कारण तोंड उघडंच होतं, "बिस्किटांचं मी खोटं बोललो होतो. मला ती एकट्याला खायची होती."

चहावर साय धरली. मग तिच्या नाकातून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की कसला ते मला अजूनही सांगता येणार नाही. "सगळी?" तिनं विचारलं.

"चौदा होती."

"म्हणजे सात."

"नाही गं. चौदाच."

दुसऱ्या दिवशी साडेआठला ती आली. मी खुर्चीतून उठून पलीकडे गेलो होतो आणि दोन्ही हात पुढे करून उभा होतो, हातानं तपासायला, नियमाप्रमाणे. तिनं माझ्या हातांकडे बघितलं आणि पिशवी पट्ट्यावर ठेवली. असू दे, जाऊ दे यातून, असं काहीतरी म्हणाली, आणि मला धावत परत खुर्चीत यावं लागलं. झालरी हलल्या. पंपाची मोटार निळी, त्याच्याशेजारी दोन बाटल्या, गळ्यापर्यंत नारिंगी, शांत. मी पट्टा थांबवला. का थांबवला ते विचारू नका. इतकी वर्षं मी पिशव्यांत नको ते शोधायला बघत आलो, त्या दिवशी नुसतं बघत होतो, आणि मला सारखं वाटत होतं की मी बघतोय तोवर तिथे जास्त किरण पडताहेत, पट्टा सोड, सोड, आणि त्याच वेळी हेही ठाऊक होतं की थांबलेल्या पट्ट्यावर स्क्रीनवरचं चित्र आधीच काढलेलं असतं, आत काही चालू नसतं. डोक्याला कळत होतं. माझाही हात ऐकत नव्हता. रांगेतून कुणीतरी खाकरलं. मी पट्टा सोडला. तिनं पिशवी उचलली, आणि त्या दिवशी मी ग्रॅमबाईंचा डबा आला असं म्हणालो नाही, आणि ती हसली नाही, आणि ती खांबामागे गेली.

मग पुढचा तासभर मी पिशव्या तपासल्या असतील. त्या तासात माझ्यासमोरून कुणी तोफ नेली असती तरी मी पुढे चला म्हटलं असतं. डावीकडे की उजवीकडे. उठून सहा हात चालून बघता आलं असतं. मी उठलो नाही. उठलो असतो आणि ती बेसिनपाशी दिसली असती, तर मला तिथे काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि माझ्याजवळचे ते दोन शब्द मी आदल्या दिवशीच खर्चून बसलो होतो. साडेनवाला मावशी बादली घेऊन आली, पट्ट्याच्या टोकाशी थांबली, फडका पिळला. मी तिच्याकडे बघेना. ती म्हणाली, कोपऱ्यातलं बेसिन आज कोरडं ठणठणीत आहे. मग म्हणाली, ती अंड्याची गोष्ट परत सांगा ना, मांजर लाजलं ती. मी म्हटलं, मावशी, ते मांजर वगैरे नव्हतं. ती म्हणाली, ते हो ठाऊकच आहे, सांगा. मी सांगितली.

चौथ्या दिवशी नर्सच्या वहीत 'आईचं दूध' याच्यापुढे आकडे येऊ लागले होते, आणि वजनाच्या खान्यात एका दिवसात अठरा ग्रॅम वाढ लिहिलेली होती. अठरा. मी दोनदा वाचलं, चष्मा काढून एकदा, लावून एकदा. खाली येऊन फाटकावर सगळ्यांना सांगितलं, अठरा ग्रॅम. रांगेतल्या आजोबांना सांगितलं, तळघरातल्या माणसाला सांगितलं, मावशीला सांगितलं. सगळ्यांना मनापासून आनंद झाला. मावशीनं तर पदराला हात पुसून माझा हात हातात घेतला. "नऊ ग्रॅम म्हणजे सुद्धा खूप झालं, दुप्पटभाऊ," ती म्हणाली.